कुडाळात ‘ब्लू’ दाखवताना

ब्रिटिश दिग्दर्शक डेरेक जार्मन यांचा १९९३ सालचा ‘ब्लू’ आमच्या चित्रपट मंडळात दाखवावा, असा प्रस्ताव मी कार्यकारिणीपुढे ठेवला, तेव्हा पहिला प्रश्न ‘त्यात तसली दृश्ये आहेत का?’ असा आला. आणि त्यात एकही दृश्य नाही, हे माझे उत्तर कोणालाच खरे वाटले नाही. वस्तुस्थिती मात्र तीच आहे. सुमारे सव्वा तास पडद्यावर एकच सपाट, गडद निळा रंग असतो. माणूस नाही, घर नाही, आकाशसुद्धा नाही. जे घडते ते सगळे कानांवर पडते: स्वतः जार्मन, नायजेल टेरी, जॉन क्वेंटिन आणि टिल्डा स्विंटन यांचे आवाज, सायमन फिशर टर्नर यांचे संगीत, घंटा, लाटा, कॅफेतील गजबज, रुग्णालयातील प्रतीक्षा. बोलणारा माणूस समलिंगी आहे, एड्समुळे त्याची दृष्टी जात चालली आहे, त्याचे मित्र एकामागून एक मरण पावले आहेत, आणि हे तो कधी चिडून, कधी चेष्टेने, तर कधी कवितेच्या अंगाने सांगतो. जार्मन यांना १९८६च्या डिसेंबरात एचआयव्हीचे निदान झाले आणि त्यांनी ते जगापासून लपवले नाही. ‘ब्लू’ प्रदर्शित झाल्यावर काही महिन्यांतच, १९ फेब्रुवारी १९९४ रोजी, वयाच्या ५२व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

बैठकीत विरोध असा कोणी केला नाही. कोकणात विरोध बहुधा सूचनेच्या रूपाने येतो. एका सभासदाने सुचवले की विषय हाच घ्यायचा असेल तर आपल्या मातीतले काही घ्यावे. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला २०२५ साली सनडान्स महोत्सवात सर्वोच्च परीक्षक पुरस्कार मिळाला आहे, तोच दाखवावा. सूचना चांगलीच होती आणि आम्ही ती पुढच्या वर्षासाठी टिपूनही ठेवली. परंतु त्या चित्रपटाला कथा आहे, पात्रे आहेत, प्रेक्षकाला धरून चालण्यासाठी हात आहे. मला पाहायचे होते ते असे की, तो हातच काढून घेतला तर आमचे प्रेक्षक काय करतात. दुसऱ्या सभासदांना हे सारे कायद्यात बसते का, अशी शंका होती. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७चा प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना लागू होणारा भाग रद्द ठरवला, हे त्यांना ठाऊक होते. तरीही ‘ते दिल्लीत झाले’ असे ते म्हणाले, आणि त्यांच्या म्हणण्यात थट्टेपेक्षा अनुभव अधिक होता. खजिनदारांची हरकत सर्वांत व्यवहारी होती. भित्तिपत्रकावर मोठ्या अक्षरांत ‘ब्लू’ असे छापले तर कोणत्या प्रकारचा प्रेक्षक गोळा होईल, हे त्यांनी हळूच विचारले, म्हणून आम्ही दिग्दर्शकाचे नाव मोठे आणि चित्रपटाचे लहान असे पत्रक काढले.

पहिल्यांदा ठरवलेले सभागृह विषय कळल्यावर ‘दुरुस्तीसाठी’ बंद झाले. दुसरे मिळाले ते एका जुन्या इमारतीच्या माडीवरचे, वर पत्र्याचे छप्पर आणि महिना श्रावणाचा. ज्या चित्रपटात ऐकण्यावाचून काही नाही, त्याला पावसात पत्र्याखाली बसवणे हे शहाणपणाचे नव्हते. पण गणपतीनंतर आमच्याकडे कोणतेही सभागृह लग्नांच्या आणि भजन स्पर्धांच्या तावडीतून सुटत नाही.

खरा प्रश्न भाषेचा होता. आमच्या सभासदांत इंग्रजी वाचणारे पुष्कळ आहेत, परंतु सव्वा तास काव्यमय इंग्रजी कानाने पकडणारे मोजकेच. खाली मराठी अक्षरे उमटवावीत, तर निळ्या रंगाची अखंडताच मोडते; पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ जरी आली तरी डोळा तिच्यावर खिळतो आणि मग तो चित्रपट राहत नाही, वाचन होते. शेवटी आम्ही हक्कधारकांना पत्र लिहून एकाच खेळापुरती, मराठी संहिता पडद्याशेजारी बसून प्रत्यक्ष वाचण्याची परवानगी मिळवली. मूळ आवाज मंद ठेवायचा, त्यावर मराठी वाचायचे आणि जिथे केवळ संगीत आहे तिथे आवाज पुन्हा वाढवायचा, अशी योजना होती. परवानगीच्या पत्रात अट एकच होती: मजकूर पूर्ण वाचला जावा.

वाचणारे कोण, हे ठरवताना मला आमच्या भागातील एका ज्येष्ठ दशावतारी कलावंतांची आठवण झाली. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी उभे आयुष्य स्त्रीपार्ट केला. त्यांच्या तारामतीच्या विलापाला पहाटेपर्यंत जागलेल्या बायका आजही आहेत. पावसाळ्यात दशावताराचे खेळ बंद असतात आणि अण्णा भाताची लावणी उरकून मोकळे होते. पदर घेणारा पुरुष आणि पुरुषावर प्रेम करणारा पुरुष यांची सांगड घालण्याचा मोह शहरी पाहुण्यांना नेहमी होतो. मला तो होत नाही, कारण रंगमंचावरची द्रौपदी रंग पुसून मोटारसायकलवर घरी जाते आणि सकाळी मुलांना शाळेत सोडते. मला अण्णा हवे होते ते त्यांच्या आवाजासाठी. मात्र अडचण अशी की दशावताराला लिखित संहिता नसते. कथानक ठाऊक असते, संवाद नट जागच्या जागी रचतो आणि प्रसंग रंगला की तो वाढवत नेतो. अण्णांनी आमची संहिता एकदा वाचली, बाजूला ठेवली आणि आशय स्वतःच्या शब्दांत बोलायला सुरुवात केली. ते बोलणे इतके सुंदर होते की आम्ही ऐकत राहिलो. तेवढ्यात चित्रपट कितीतरी पुढे निघून गेला. हार्मोनियमवाला नटासाठी थांबतो, चित्रपट थांबत नाही, हे त्यांना पटायला वेळ लागला. मग त्यांनी प्रत्येक उताऱ्याच्या शेवटी मूळ ध्वनीतील एखादी खूण पाठ केली, कुठे घंटा, कुठे लाट, आणि त्या खुणेच्या आत वाक्य बसवायचे असा नवाच ताल धरला.

दुसरा आवाज ग्रामीण रुग्णालयातून निवृत्त झालेल्या एका परिचारिकेचा होता. ‘ब्लू’मध्ये एका औषधाच्या संभाव्य दुष्परिणामांची लांबलचक यादी आहे: ताप, पुरळ, रक्तातील पेशी कमी होणे, यकृताचे बिघाड, सूज, हृदयाचे अनियमित ठोके, आणि असे बरेच काही. हे सारे होऊ शकते याची जाणीव असल्याचे लिहून दिल्यावरच रुग्णाला ते औषध मिळते. तालमीत आमच्यातील एक हौशी तरुण ती यादी गहिवरून वाचत असे आणि ती तितकीच खोटी वाटे. बाईंनी कागद हातात घेतला, चष्मा नाकावर सरकवला आणि नातेवाइकाकडून सही घेताना जसे सांगतात तशी ती एका सुरात, न थांबता वाचली. त्या वाचनात कोणतीही करुणा नव्हती, आणि नेमके तेच लिहिणाऱ्याला अभिप्रेत असावे.

वाद झाला तो एका उताऱ्यावरून. चित्रपटाच्या मध्यावर, मृत्यूच्या आणि औषधांच्या बोलण्यात, अचानक एक उर्मट, उघडेनागडे पद येते. समलिंगी माणसाला जेवढ्या शिव्या दिल्या जातात त्या सगळ्या बोलणारा स्वतःच्या अंगावर अलंकारांसारख्या चढवतो आणि वर ठणकावतो की तुमच्या कोणत्याही चौकटीत मी बसत नाही. खजिनदारांचे मत होते की एवढा भाग गाळावा, कुटुंबे येणार आहेत. उरलेला चित्रपट इतका हृदयद्रावक आहे की कोणाला काही कमी वाटणार नाही. माझी भीती याच्या अगदी उलट होती. तो भाग काढला की जो उरतो तो केवळ एका सोशिक रुग्णाचा चित्रपट, आणि सोशिक रुग्णाला कोणताही समाज नाकारत नाही. बराच वेळ चाललेल्या चर्चेनंतर अण्णांनी संहिता मागितली, ते पान मनात वाचले आणि म्हणाले, “ह्यो शिमगो असा. शिमगो अर्धो करून चलना नाय.” पालखीसमोर ज्या मोकळेपणाने आमच्याकडे बोंब ठोकली जाते आणि जिच्याबद्दल दुसऱ्या दिवशी कोणी कोणाला जाब विचारत नाही, त्याच सुरात ते पद म्हणायचे, असे त्यांनी ठरवून टाकले. परवानगीच्या पत्रातील अट मी पुढे केली, परंतु खजिनदार गप्प झाले ते अण्णांच्या वाक्याने.

खेळाच्या दिवशी प्रोजेक्टर चालवणाऱ्या मुलाची वेगळीच परीक्षा झाली. हल्लीच्या बऱ्याच प्रोजेक्टरांवर जोडणी तुटली की पडदा आपोआप निळा होतो. त्याने चित्रपट लावला, पडदा निळा झाला, त्याने वायर काढून पुन्हा बसवली, पडदा निळाच राहिला, आणि तो घामाघूम होऊन मला म्हणाला, “बाई, सिग्नलच येना नाय.” मी त्याला दोन्ही निळे शेजारी शेजारी दाखवले. यंत्राचा निळा फिकट आणि कडेला पांढुरका होता. चित्रपटातला त्याहून खोल, जांभळ्याकडे झुकणारा. इव्ह क्लाइन या फ्रेंच चित्रकाराने १९६० साली जो निळा रंग स्वतःच्या नावाने नोंदवून ठेवला, त्याच्या एकरंगी चित्रांवरून जार्मन यांनी ही कल्पना घेतली होती. आमच्या यंत्रावर तो रंग नेमका उमटणे शक्य नव्हते, पण रंगछटा आणि प्रखरता खालीवर करत त्या मुलाने तो जितका जवळ आणता येईल तितका आणला. पुढे सबंध सव्वा तास, पडदा निळाच आहे ना, यावर तो डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवून होता. माझ्या समजुतीप्रमाणे त्या संध्याकाळी रंगाकडे सर्वांत बारकाईने पाहणारा प्रेक्षक तोच.

पन्नास-साठ माणसे आली होती. प्रास्ताविकात मी इतकेच सांगितले की चित्र लागणार नाही, यंत्र बिघडलेले नाही आणि ज्यांना डोळे मिटून ऐकायचे असेल त्यांनी खुशाल मिटावेत. तरीही थोड्या वेळाने मागून “पिच्चर कधी सुरू होतलो?” असा आवाज आला आणि हशा पिकला. पहिला अर्धा तास चुळबुळीचाच होता. माणसे पडद्याकडे पाहून कंटाळली की शेजाऱ्याकडे पाहत, तिथे निळ्या उजेडात सगळ्यांचे चेहरे सारखेच दिसत, मग पुन्हा पडद्याकडे वळत. पावसाची एक जोरदार सर आली तेव्हा अण्णांनी आवाज चढवला नाही. ते खुणेची घंटा येईपर्यंत थांबले, मधला मजकूर सरीखाली गेला, आणि कोणाची तक्रार आली नाही. रुग्णालयातील प्रतीक्षेचा भाग आला तशी चुळबुळ कमी झाली. परिचारिकाबाईंच्या यादीला सुरुवातीला दोघे-तिघे हसले, यादी संपेना तसे ते थांबले.

मग शिमगा आला. अण्णा उभे राहिले, पदर खोचल्यासारखा हात कमरेवर घेतला आणि ते पद त्यांनी असे काही म्हटले की मागच्या रांगेतील कॉलेजची मुले ओरडून साथ देऊ लागली. दोन कुटुंबे उठून गेली. जाताना त्यांतील एका गृहस्थांनी मला “बाई, सूचना द्यायला हवी होती” असे सभ्यपणे सांगितले, आणि सूचना पत्रकावर छापलेली होती, हे मी त्यांना त्या वेळी सांगितले नाही. बाकीचे हसत होते, काही तोंडावर रुमाल धरून, काही मोकळेपणाने. आणि ते हसणे अजून पुरते विरले नव्हते तोच चित्रपट पुन्हा डोळ्यांच्या औषधाकडे आणि मेलेल्या मित्रांच्या नावांकडे वळला. इथे मला पहिल्यांदा जाणवले की सभागृह बदलले आहे. आत्तापर्यंत ते एका परक्या रुग्णाचे ऐकत होते. आता त्यांना ज्याने हसवले होते, ज्याच्या वात्रटपणात त्यांनी भाग घेतला होता, तो मरत होता. शेवटाकडे त्याला एका दुकानाच्या काचेत दिसलेले बूट घ्यावेसे वाटतात, पण तो थांबतो आणि त्याच्या मनात येते की पायांत आहेत तेच जोडे आता उरलेल्या वाटेला पुरतील. त्या वाक्याला कोणी हलले नाही.

दिवे लागले तेव्हा भिंती पिवळ्या दिसत होत्या. इतका वेळ निळ्याकडे पाहिल्यावर डोळ्यांतील निळ्याची जाणीव थकते आणि पांढऱ्यावर पिवळी झाक येते. लोक डोळे चोळत त्याबद्दलच बोलू लागले, त्यामुळे चर्चेला आपोआप सुरुवात झाली.

पहिला आक्षेप अपेक्षित होता: हा चित्रपट नव्हे, ही नभोवाणीवरची श्रुतिका. मी सांगितले की १९९३च्या सप्टेंबरात हा चित्रपट ब्रिटनमध्ये चॅनेल फोर या दूरचित्रवाणी वाहिनीवर आणि बीबीसीच्या रेडिओ थ्रीवर एकाच वेळी प्रसारित झाला होता, आणि रेडिओवर ऐकणाऱ्यांना समोर धरण्यासाठी निळे कार्ड मागवता येत असे. आक्षेप घेणारे गृहस्थ यावर खूश झाले आणि म्हणाले की मग मलाही ते कार्ड पुरले असते, एवढ्या पावसात यायला नको होते. दुसरा फाटा मला अपेक्षित नव्हता. जार्मन शेवटची वर्षे इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर डंजनेस येथे, अणुवीज केंद्राच्या अगदी नजरेत, प्रॉस्पेक्ट कॉटेज नावाच्या काळ्या लाकडी घरात राहिले आणि तिथल्या गोट्यांत त्यांनी बाग फुलवली, असे मी ओघात बोलले, आणि मूळचे राजापूर तालुक्यातील एक सभासद खडबडून जागे झाले. माडबनला जैतापूर प्रकल्पाच्या सहा अणुभट्ट्या प्रस्तावित असताना त्यांना त्या बागेत काय उगवत होते, मासे मिळत होते का, समुद्राचे पाणी तापत होते का, हे सगळे जाणून घ्यायचे होते. चर्चा बराच वेळ जैतापुरातच अडकली. समलिंगी प्रेमावरच्या चित्रपटाने राजापूरकरांना जार्मन यांच्या सर्वांत जवळ नेले ते अणुभट्टीच्या वाटेने, आणि मला ती वाट काही वाईट वाटली नाही.

त्यानंतर बोलणी आजारावर आली, आणि तिथेच मुक्कामाला राहिली. एकाने सांगितले की नव्वदच्या दशकात त्याच्या वाडीत मुंबईहून एक चाकरमानी आजारी होऊन परत आला, पडवीतच त्याचे अंथरूण घातले, त्याचे ताट वेगळे, आणि तो गेला तेव्हा ‘क्षय’ असे सांगितले गेले. दुसऱ्याकडे तशीच गोष्ट होती, तिसऱ्याकडेही. भारतात सरकारी केंद्रांतून एचआयव्हीवरचे मोफत उपचार २००४च्या एप्रिलमध्ये सुरू झाले. त्याआधीची ती माणसे आमच्या गावागावांत पुरलेली वा जाळलेली आहेत आणि त्यांच्याविषयी इतक्या वर्षांत मी कधी जाहीरपणे कोणाला बोलताना ऐकले नव्हते. एका विदेशी, चित्रहीन चित्रपटाने हे बोलते केले, याचे मोल मी कमी मानत नाही. पण ऐकताना माझ्या मनात एक असमाधानही वाढत गेले. जो तो हळहळत होता आणि हळहळीच्या आड बोलणाऱ्याचे पुरुषांवरील प्रेम सोयीने झाकले जात होते. आजाऱ्याला दया मिळाली, प्रियकराला काहीच मिळाले नाही. ‘शेवटी माणूसच तो’ हे वाक्य त्या संध्याकाळी अनेकांनी उच्चारले. त्यातील ‘शेवटी’ला माझा आक्षेप आहे, कारण मरणाच्या दारात उभा नसता तर त्याला इतक्या उदारपणे माणूस म्हटले गेले असते की नाही, याची मला खात्री नाही.

ही गाठ सोडवली ती माझ्यापेक्षा वयाने मोठ्या एका गृहिणीने, जी नवऱ्याबरोबर म्हणून आली होती. चित्रपटात जार्मन यांचा सोबती केवळ ‘एच.बी.’ या आद्याक्षरांनी येतो, आणि एका ठिकाणी तो स्वयंपाकघरात केसांना तेल-क्रीम चोपडत असतो व ती जागा आपलीच असल्यासारखी दुसऱ्याला आत येऊ देत नाही. आमच्यापैकी कोणीही त्या तुकड्याकडे लक्ष दिले नव्हते. ती म्हणाली, “ह्यो संसारच झालो मां! आमचे हे पण तसेच, आरशासमोर उभे रवले की कोणाक फिरकाक देनत नाय.” नवरा शेजारी बसून लाजला आणि सगळे हसले, परंतु हे हसू शिमग्याच्या वेळचे नव्हते. त्या एका तपशिलावर तिने त्या दोन पुरुषांना नवरा-बायकोच्या पंगतीला बसवले होते, तेही कोणतीही भूमिका न घेता, आपल्या घरातील तक्रार सांगत. पुढे दोघी-तिघींनी विचारले की मग त्या एच.बी.चे काय झाले, तो एकटाच राहिला का, घर कोणाला मिळाले. जार्मन गेल्यावर घर आणि बाग त्या सोबत्यानेच सांभाळली, आणि त्याच्याही निधनानंतर, २०२० साली, लोकवर्गणीतून ३५ लाख पौंड उभे करून ती वास्तू वाचवण्यात आली, असे मी सांगितले. रक्कम ऐकून खजिनदारांनी वही काढली. कशासाठी, ते ठाऊक नाही.

मागच्या रांगेतील मुलांपैकी चर्चेत कोणी बोलले नाही. आम्ही अभिप्रायासाठी कागद ठेवले होते, त्यांतील बहुतेकांवर ‘वाचन उत्तम’, ‘पाऊस फार’, ‘पुढच्या वेळी चित्र असलेला चित्रपट दाखवावा’ असे शेरे होते. अण्णांच्या पदाबद्दल दोन कागदांवर तीव्र नापसंती होती आणि एकावर ते पुन्हा ऐकवण्याची मागणी.

आता रत्नागिरीच्या एका नाट्यप्रेमी गटाने आमची मराठी संहिता आणि शक्य असल्यास दोन्ही वाचक मागितले आहेत, मात्र शिमग्याचा भाग वगळून. त्यांच्याकडे शाळेचे सभागृह आहे, त्यामुळे त्यांची अडचण मी समजू शकते. परवानगी एकाच खेळाची होती, म्हणून हक्कधारकांना पुन्हा लिहावे लागेल. अण्णांनी तर अर्धे वाचणार नाही असे आधीच सांगून टाकले आहे. रत्नागिरीला पाठवायच्या उत्तराचा मसुदा मी कार्यकारिणीत वाचला, तेव्हा ‘काटछाट न करता’ हे शब्द ठळक छापावेत, अशी सूचना आली ती खजिनदारांकडून. त्यांचे कारण माझ्याहून निराळे होते: अट मोडली आणि नुकसानभरपाई मागितली गेली, तर मंडळाच्या खात्यात तेवढी शिल्लक नाही.